तिसऱ्या हाकेला ओ

बाई, नाताळच्या सुट्टीनंतर पोरं पुन्हा शाळेच्या वळणाला लावणं तुमच्यासारखं सेलूकडच्या कुणाला जमलं नसेल. सुट्टीभर आम्ही आयांबरोबर कापूस वेचायला जायचो. भूक लागेल तेव्हा भाकर, डोळा लागेल तिथे झोप. दुसऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी छडी काढली असती. तुम्ही मात्र दारोदार फिरून हाक मारायचात. पहिल्या सकाळी छपराच्या कवेलूंवर ऊन आल्यावर, दुसऱ्या सकाळी त्याच्या जरा आधी, आणि असं करत करत आठवड्याभरात आम्ही कोंबड्याबरोबर उठायला लागायचो. "उठली का वं? तोंड धू, भाकर खाऊनच येजो." एवढंच बोलणं.

पण पहिल्या हाकेला आमच्यातलं कुणी ओ देत नसे. आईने बजावलेलं होतं, "भलतंसलतं असलं तं ते दोनदाच हाक मारते. तिसरीले ओ देजो." हे कळल्यावर तुम्ही हसलात, आणि मग न कंटाळता तीनदा हाक मारू लागलात.

मी चौथीत असतानाची गोष्ट. सुट्टी संपली त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरचं घर दिसत नव्हतं. तुमच्या तिन्ही हाका आल्या. मी ओ दिली, तोंड धुतलं, भाकर खाल्ली. गल्लीतली सगळीच पोरं वेळेवर निघाली. शाळेच्या पडवीत हेडमास्तर उभे होते. त्यांनी सांगितलं की बाई सुट्टीत माहेरी तापाने गेल्या, दहनही होऊन गेलं. एका पोराने विचारलं, "मंग आज सकाळी कोण आलतं?" हेडमास्तरांनी त्याला गप्प बसवलं. ती पडवी आठवली की मला अजून भीती वाटते.

दुसऱ्या सकाळी तुम्ही येता, जरा आधी. आवाज तुमचाच, पण पाऊल वाजत नाही. आई माझं तोंड हाताने दाबून धरते. तिसरी हाक होते आणि मग दाराबाहेर काहीच हलत नाही. तुम्ही ओ येण्याची वाट बघत उभ्या आहात, हे आम्हा दोघींना कळतं. बऱ्याच वेळाने शेजारच्या दाराशी हाक ऐकू येते.

बायांनी दारांना कडुनिंबाचे डहाळे बांधले. मावशी म्हणाली, "पोरीनं ओ देली तं हातची जाईन. माह्या गावी धाड तिले, शाळा पुरे झाली." आईलाही ते पटत चाललं होतं. मी शाळा सुटणार म्हणून रडत होते, आणि हाक रोज थोडी आधी येत होती, अगदी तुमच्या शिस्तीने.

मग एका पहाटे कोंबडा आरवला आणि तुम्ही दाराशी आलात. तिन्ही हाका झाल्या. "भाकर खाऊनच येजो," तुम्ही म्हणालात. माझ्या तोंडावरचा आईचा हात सैल झाला.

"न्यायचंच असतं तं भाकर खायाले काऊन सांगतलं असतं?" ती स्वतःशीच म्हणाली. उठली, दाराला आतून तळवा टेकवला आणि चांगलं मोठ्याने म्हणाली, "उठली पोरगी, बाई. रोज मी उठवीन आता, शाळेतही धाडीन. तुम्ही निजा."

त्यानंतर हाक आली नाही. आईने शब्द पाळला. पुढे माझ्या पोरांनाही सुट्टीनंतर मी तुमच्याच पद्धतीने उठवलं, कारण मात्र कधी सांगितलं नाही.

हे पत्र मी कुठे धाडणार नाही. न जाणो, कुणीतरी अजून निजलेलं आहे असं वाटून तुम्ही परत निघाल. आणि खरं सांगू का बाई, त्या पहाटे आईचा मला फार राग आला होता. ओ मला द्यायची होती.