आईने निवडलेला फोटो

प्रिय दादा,

तुझा पत्ता कुणाकडेच नाही, तरी लिहिते आहे. भांडून घर सोडताना तू अल्बममधले तुझे सगळे फोटो नेलेस, पण बाबांनी काढलेल्या फोटोंच्या फिल्म-स्लाइड्स माळ्यावर राहिल्या. एकीत तू सापडलास, घोळक्यात अगदी मागे.

काल आईला घेऊन स्कॅनिंगच्या दुकानात गेले. स्कॅन किती बारकाईने करायचं ते ठरवताना दुकानदार म्हणाला, "चोवीसशे डीपीआय पुरे." मी हट्टाने चार हजार करायला लावलं. तुझा चेहरा मोठा केला, तर पडद्यावर नुसते दाणे उरले.

"मागे घे," आई म्हणाली. "इतकं जवळ गेलं की तो दिसतच नाही."

दुकानदाराने पुन्हा चोवीसशेवर स्कॅन केलं, तर तू हसत होतास. तिने छोटीशीच प्रत काढून घेतली. ती चष्म्याच्या डबीत ठेवलीय. चष्मा नाकावर असतानाही आई डबी उघडते. विचारलं तर म्हणते, "चष्मा शोधतेय."

तुझी,
ठमी