पाचवा उद्गार आणि पाण्याचा ग्लास

५ मार्च, बुधवार. सकाळ.
आजपासून लेंट, ईस्टरआधीचा उपासकाळ. चर्चमधले लोक चाळीस दिवस मटण सोडतात, चहा सोडतात. पाटोळेबाईंनी सिरियल सोडली. मी चिंता सोडली. चिंता आणि आत्मशंका, दोन्ही. एकदम. विमा कंपनीत तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चिंतांचे हप्ते गोळा केले, माझ्या स्वतःच्या कोण सांभाळणार? प्रभू. विषय संपला.
मनात कोणाबद्दल काही नाही. कुंडलिक आढावबद्दलसुद्धा नाही.

त्याच दिवशी, दुपार.
कुंडलिकबद्दल आहे.
एकदा लिहून टाकतो म्हणजे मन मोकळं होईल. गेल्या वर्षीचा गुड फ्रायडे. बारा ते तीन उपासना, येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, त्यांवर बोलायला सात वक्ते. मला पाचवा, म्हणजे तहानेचा. अकरा पानं लिहिली होती. दुसऱ्या पानावर घसा असा कोरडा पडला की जीभ टाळूला चिकटली. उभ्या मुलुंडच्या मराठी मंडळीसमोर मी नुसता तोंड उघडून उभा. तेव्हा पहिल्या बाकावरून हा कुंडलिक, सातांतलाच एक वक्ता, उठला, पाण्याचा ग्लास घेऊन थेट पुलपिटवर, म्हणजे प्रवचनाच्या मंचावर, आला. मी प्यायलो. घटाघटा. माइक चालू होता. तरुण संघाची पोरं खिदळली. मग मला पान सापडेना. मी खाली येऊन बसलो, आणि उरलेला उद्गार कुंडलिकने पूर्ण केला. एकही कागद न घेता! बायका रडल्या.
तेव्हापासून चर्चच्या पिकनिकला मला न मागता पाण्याची बाटली मिळते.
तर हे असं आहे. आता मन मोकळं झालं. सूड घ्यायचा आहे, पण विश्वासाने.

६ मार्च.
रात्रीच्या जेवणाला मटण होतं. खाल्लं. मी मटण सोडलेलंच नाही, त्यामुळे त्याची चिंता नाही. प्रगती आहे.

९ मार्च, रविवार.
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बोलावलं. यंदा मला पहिला उद्गार. क्षमेचा. मी विचारलं, माझं नाव कोणी सुचवलं? म्हणाले, कुंडलिकने. म्हणे, विद्याधरला द्याच, नाहीतर तो कायमचा खचेल.
बघा. किती गोड शब्दांत. पुन्हा पाडायचा डाव आहे हा. सात जणांत पहिलाच मी, म्हणजे पडलो तर मंडळी ताजीतवानी असताना पडणार.
मीही कमी नाही. म्हणालो, साहेब, पाचवा उद्गार यंदा कुंडलिकलाच द्या. गेल्या वर्षी काय बोलला होता! पाळकसाहेब म्हणाले, विद्याधर, तुमचं मन मोठं आहे.
आहेच.

१० मार्च.
योजना ठरली. इतकी साधी आहे की प्रार्थना करतानाच सुचली, म्हणजे वरूनच आली असणार.
कुंडलिक पाचव्या उद्गारावर रंगात येईल. मी पहिल्या बाकावरून उठेन. हातात पाण्याचा ग्लास. मधल्या वाटेने, सावकाश, पुलपिटपर्यंत. त्याला गरज नसताना. वाक्य अर्धं तुटेल, मंडळी बघत राहील, आणि तो माइकवर घटाघटा पिईल. त्यावर कोण काय बोलणार? तहानलेल्याला पाणी दिलं, यात पाप कुठलं?
बायकोला, जयंतीला, सांगितली. ती मटार सोलत होती. म्हणाली, म्हणजे तुम्ही त्याला पाणी देऊन सूड घेणार? मी हो म्हटलं. ती हसत हसत मटार सोलत राहिली. बायकांना डावपेच कळत नाहीत.

१६ मार्च, रविवार.
प्रार्थना: प्रभू, कुंडलिकला नम्र कर. शक्यतो जाहीरपणे.
आज चर्चच्या फाटकापाशी त्याने जय ख्रिस्त म्हटलं. मी जय म्हटलं आणि थांबलो.

१९ मार्च.
गच्चीवर सराव. आवाज खणखणीत. क्षमेवर असं कडक लिहिलंय की ऐकून कुंडलिकला घाम फुटेल. 'काही माणसं आपल्याच भावाला खाली पाडतात आणि वर पाणी पाजतात' हे वाक्य तीनदा म्हटलं. टाकीवरचे कावळे उडाले. आत्मशंका शून्य.

२० मार्च.
जयंतीसमोर सराव. पहिल्या पानावर तिने वर पाहिलं. नुसतं पाहिलं. घसा बसला. तिला म्हटलं, तू असं बघू नकोस. म्हणाली, मग मंडळीने काय भिंतीकडे बघायचं? उगाच टोचून बोलते.
मुलीला, रुचिराला, फोन केला. ठाण्याला असते. म्हणाली, पप्पा, चिल. नाही जमलं तर नाही सांगा ना, कोण खाणार आहे तुम्हाला? ही आजकालची पिढी. विश्वास म्हणून नाही.
आरशावर 'भिऊ नको' अशी चिठ्ठी चिकटवली. दाढी करताना तीच दिसते, गाल दिसत नाही. दोन ठिकाणी कापलं.

२८ मार्च, शुक्रवार.
घरगुती प्रार्थनासभा. यंदा नेमकी कुंडलिककडे, भांडुपला. गेलो. हेरगिरी म्हणून.
त्याची बायको शकु सगळ्यांना सरबत देत होती, त्याला मात्र माठातलं पाणी. म्हणाली, यांना फ्रीजचं अजिबात चालत नाही हो भावजी, लगेच घसा धरतो.
हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा. वरून अजून मदत येते आहे. ग्लास बर्फगार असेल.
शास्त्रवाचन मला सांगितलं. चष्मा विसरलो म्हणालो. चष्मा खिशात होता, पण खिशातला चष्मा विसरू शकतो माणूस.
कुंडलिक फार गप्प होता. पोहे तसेच ठेवले. निघताना माझा हात धरून म्हणाला, विद्या, तुझी तयारी कशी चालली आहे रे? मी म्हटलं, झकास. म्हणाला, माझी नाही. नाटकं. मला गाफील ठेवायचं आहे त्याला.

६ एप्रिल, रविवार.
चिंता नाही. फक्त पोटात कालवतं, रात्री झोप नाही, आणि पहिल्या पानावरची ओळ दुसऱ्या ओळीसारखी वाटते. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी. मी म्हणालो, बघा, मी म्हणत होतो चिंता नाही.

१३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार.
पाळकसाहेबांनी अचानक मला समारोपाची प्रार्थना करायला सांगितलं. मी डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना करत आहे असं दाखवलं. बराच वेळ. शेवटी मागून तरुण संघाच्या श्रुतिकाने प्रार्थना केली. पोरगी धीट आहे. कॉलेजात आहे, अंधेरीला. चांगलं बोलते.
तरुणांना संधी द्यायला हवी.

१७ एप्रिल, गुरुवार.
तरुणांना संधी दिली.
सकाळी पाळकसाहेबांना फोन केला. म्हणालो, माझी तब्येत तशी ठीक आहे, तयारी पूर्ण आहे, विश्वास भरपूर आहे, पण पहिला उद्गार श्रुतिकाला द्यावा असं मला आतून वाटतं आहे. पाळकसाहेबांनी तब्येतीचं पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाले, बरं विद्याधर.
हा पराभव नाही. आता माझं सगळं बळ एकाच कामावर लागेल. सूड घेणाऱ्याने दोन दोन कामं करू नयेत.
जयंतीला सांगितलं. वाटलं होतं टोमणा मारेल. तिने पोळी वाढली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, बस. टोमणा परवडला असता.
कागद फाडले नाहीत. कपाटात साड्यांखाली ठेवले.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे. सकाळ.
बाटली कालपासून फ्रीजरमध्ये. आता टॉवेलमध्ये गुंडाळून थर्मासच्या पिशवीत. स्टीलचा ग्लास घासून घेतला. पहिल्या बाकावर जागा धरायला अकरालाच निघतो. प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो, म्हणजे माझी.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
क्रमाने लिहितो.
चर्च गच्च भरलेलं. उकाडा असा की पंखे गरम हवाच फिरवत होते. श्रुतिका पहिल्या उद्गारावर बोलली. घाबरली होती, दोनदा अडखळली, तरी बोलतच राहिली. मला इतका राग आला! अडखळूनही बोलता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
पाचव्याला कुंडलिक उठला. या वेळी हातात कागद होते. मी मनात म्हटलं, आला. पिशवी उघडली, बाटली ग्लासात उपडी केली. काही पडलं नाही. बाटलीत दगडासारखा बर्फ. हलवली, मांडीवर आपटली. दोन थेंब. शेजारच्या पाटोळेबाई बघायला लागल्या. मी वाकून बाजूच्या दाराने बाहेर आलो. व्हरांड्यात माठ असतो, तो गाठला. म्हटलं बर्फगार नाही तर नाही, घटाघटा आवाज तरी होईल.
ग्लास भरता भरता जाणवलं, आतून कुंडलिकचा आवाज येत नाही. आधी वाटलं माइक गेला.
दारात आलो. कुंडलिक पुलपिट दोन्ही हातांनी धरून उभा होता. ओठ हलत होते. आवाज नाही. मंडळीत कोणी हलत नव्हतं. मागच्या बाकावर एक पोरगा खिदळला.
म्हणजे झालं होतं. वर्षभर मागितलेलं, सगळं, जसंच्या तसं. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त दारात उभं राहायचं होतं. अजून एक मिनिट. तो खाली येऊन बसला असता आणि हिशेब मिटला असता.
आणि मला त्याच्या तोंडातली ती कोरडी चव माझ्या तोंडात लागली. ती कशी असते ते त्या चर्चमध्ये मला एकट्याला माहीत होतं.
पाय का चालले ते माहीत नाही. ग्लास भरलेला होता, सांडला असता.
त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. प्यायला. घटाघटा. माइक चालू होता. यंदा कोणी हसलं नाही. मी परत फिरलो तर त्याने माझं मनगट धरलं. माइक बाजूला करून हळूच म्हणाला, थांब ना रे इथेच. मला दरवर्षी असंच होतं. गेल्या वर्षी तुझ्याकडे पाणी घेऊन आलो ना, तेव्हा मीच इतका घाबरलो होतो की माझे कागद बाकावरच राहिले.
मग तो बोलला. शेवटपर्यंत. मी रिकामा ग्लास धरून त्याच्या बाजूला उभा. पुलपिटवर. सगळ्या मंडळीकडे तोंड करून. सगळे माझ्याकडे बघत होते, जयंतीसुद्धा.
घशाचा विचार एकदाही आला नाही. हे घरी आल्यावर लक्षात आलं.
बायका रडल्या. सूड म्हणून बघितलं तर निकाल शून्य.

२० एप्रिल. ईस्टर.
चूक. शून्य नाही! पाळकसाहेबांनी आज भर उपासनेत सांगितलं की शुक्रवारी सात संदेश झाले, पण विद्याधरांचा ग्लास हा सगळ्यांत मोठा संदेश होता. सगळ्यांत मोठा, म्हणजे कुंडलिकपेक्षा मोठा. शेवटी न्याय मिळालाच.
चहाच्या वेळी हे मी कुंडलिकला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, अगदी खरं आहे. असल्या माणसावर सूड कसा घ्यायचा?
मी बोलून दाखवलं की पहिल्यापासून मी हेच ठरवलं होतं, पाणी न्यायचं. खोटं नाही. १० मार्चला लिहिलेलं आहे.
संकल्प: आत्मशंका संपली आहे. पुढच्या वर्षी सहावा उद्गार मागणार. जमल्यास सातवाही.

२७ एप्रिल, रविवार.
कमिटीची मीटिंग, सगळ्या मंडळीसाठी खुली. पुढच्या गुड फ्रायडेची कामं आत्ताच वाटून टाकली. मी हात वर करायच्या आत कुंडलिकने ठराव मांडला: विद्याधर पवार यांना कोणताही उद्गार देऊ नये. त्यांना कायमस्वरूपी पुलपिटवर, सातही वक्त्यांच्या शेजारी, पाणी घेऊन उभं करावं. म्हणाला, तो बाजूला असला की भीती वाटत नाही. अनुमोदन कोणी दिलं? जयंतीने. श्रुतिकाने टाळ्या वाजवल्या. एकमताने मंजूर.
कायमस्वरूपी! सात जणांना! अकरा पानं लिहिणाऱ्या माणसाला पाणक्या केलं. हे मी विसरणार नाही. कुंडलिक, तुला बघून घेतो. पुढच्या वर्षी तुझ्यासाठी बाटली रात्रभर नाही, फक्त तासभर फ्रीजरमध्ये ठेवणार, म्हणजे ओतता येईल आणि चांगलं गारेगार लागेल.

त्याच दिवशी, जेवणानंतर.
नको. घसा धरतो त्याचा. माठातलंच नेईन.