चेनीतला भंडारा

सोलापूर,
४ नोव्हेंबर २०२५

ती. बिरूदादास,
पूनमचा शि. सा. न. वि. वि.

निवड झाल्याचं सांगायला मी फोन केला, तू फक्त “बरं” म्हणालास, मग मी नको ते बोलले, आणि पुढचं सगळं आईनं शेजारी उभं राहून ऐकलं. तिचा हुकूम झाला आहे की आता फोन बंद. फोनवर तुमी दोगं एकमेकाला बोलूच देत न्हाय, कागदावर ल्ह्या, कागद मधी तोंड घालत न्हाय, असं तिचं म्हणणं. म्हणून हे पत्र येडूमामांच्या एसटीनं पाठवते आहे. मामा कंडक्टर असल्यामुळे तिकीट लागत नाही, पण उघडून वाचतील म्हणून चांगला डिंक लावला आहे.

काम असं. १ डिसेंबरला मायाप्पाकाका मेंढरांचा कळप घेऊन चराईला निघतात. यंदा रानं लई दिवस ओली राहिली म्हणून उशीर. निवड झाली ती याचसाठी: मी दोन महिने त्यांच्याबरोबर चालणार आणि पुण्याच्या संस्थेला दर आठवड्याला फोटो पाठवणार. म्हणजे दोन कॅमेरे, तीन लेन्स आणि लॅपटॉप, सगळं माझ्याबरोबर. काकांना विचारलं, घोड्यावर ठेवाल का? ते म्हणाले, घोड्यावर कोकरं आणि भांडी जातात; घोडं मनात आलं की पाण्यात बसतं, मग तुझ्या काचा मासे बघतील.

तेव्हा पाठीवरची सॅक घ्यायची आहे आणि ती कशी घ्यावी हे मला कळत नाही. तू सांगशील तीच घेईन. खोटं वाटेल, पण सांगशील तीच.

आबांना आणि आईला नमस्कार. राग असेल तर तोही लिहून पाठव, पण पाठव.

तुझी,
पूनम

---

मंगळवेढा,
८ नोव्हेंबर २०२५

चि. पूनम हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. डिंक जास्त झाला होता, निम्मा मजकूर फाटून आला. आबांचे गुडघे बरे आहेत. फोटोच्या दुकानात लग्नसराईची गर्दी सुरू झाली आहे, डिसेंबरात अकरा तारखा आहेत.

सॅकचं विचारतेस तर नीट वाच. सामान सगळं मिळून बारा किलोच्या घरात जाईल. ते खांद्यावर नव्हे, कमरेवर बसायला हवं, म्हणून कमरेचा पट्टा हाताच्या पंजाएवढा रुंद बघ. चेन पाठीच्या बाजूनं उघडणारी घे. बाहेरून उघडणारी घेतलीस तर दरवेळी पट्टे चिखलात टाकून सॅक उघडशील आणि तोच चिखल अंगावर घेऊन चालशील. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असावा, जड वस्तू पाठीपासून लांब गेली की माणूस मागे ओढला जातो. आतल्या भिंती काढता-घालता याव्यात. पावसाचं कव्हर वेगळं नको, तळाशी शिवलेलं असावं, नाहीतर तू ते पहिल्याच मुक्कामाला हरवशील. काळा रंग नको, तापतो. राखी घे, मेंढरांत मिसळून जाईल. दुकानात सॅकमध्ये बारा किलो ज्वारी भर, दहा मिनिटं जिना चढ-उतर कर, मग ठरव.

मी इथं बसून उंटावरून शेळ्या हाकतो आहे, हे मला कळतं. त्या वाटेनं मी सातवीपर्यंत दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या मागं चाललो आहे. कुठल्या ओढ्यावर सकाळी धुकं असतं, कुठल्या माळावर उन्हं तिरपी येतात, हे मला पाठ आहे. तू तेव्हा घरी राहून भातुकली खेळत होतीस. पण निवड तुझी झाली, त्यात काकांच्या कळपानं काय बोलायचं आणि मी काय बोलायचं. मी आपला लग्नाचे फोटो काढणारा माणूस.

आई म्हणते, तिकडं जेवणाचे हाल करून घेऊ नकोस.

तुझा,
बिरूदादा

---

सोलापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन नव्या पेठेतली चार दुकानं पालथी घातली. माझ्या घरमालकीण सिद्धेश्वरीकाकू बरोबर होत्या आणि ज्वारीची पिशवीही. दुकानदार आधी हसले, मग एकानं स्वतःच भरून दिली. एका सॅकचा पट्टा जिन्यातच उसवला, ज्वारी खाली सांडली आणि काकू दुकानदाराला तेलुगूत बराच वेळ काहीतरी समजावत होत्या. तू सांगितलीस तशी सॅक सोलापुरात नाही. असल्या सॅकविषयी तुला एवढं बारीक कसं माहीत, याचं नवल मात्र मी सगळ्या जिन्यांवर करत होते.

आता दुसरं. लग्नाचे फोटो काढणारा माणूस, हे तू मला टोचायला लिहिलंस. टोचलं. पण हिशेब एकाच बाजूनं मांडू नकोस. आबांनी मेंढरं विकून कॅमेरा घेतला तो तुला. मला काय मिळालं? छत्री. सहा वर्षं प्रत्येक लग्नात फ्लॅशची पांढरी छत्री धरून मी तुझ्या मागं उभी राहिले, आणि नवरीच्या चेहऱ्यावर उजेड बरोबर पडला की लोक म्हणायचे, बिरूचा हात लई चांगला. तुझ्या हाताचा मला किती हेवा वाटायचा ते तुला ठाऊक नाही. एकदा तुझी लेन्स लपवून ठेवली होती, ती उंदरानं नेली असं तू अजून समजतोस.

आणि तू याच निवडीसाठी अर्ज केला होतास, हे मला माहीत आहे. तू लपवलंस. मला मुलाखतीत कळलं. तेव्हापासून मी तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघते आहे.

आईला सांग, जेवणाची काळजी नको. काकू शेंगाचटणीचा डबा बांधून देणार आहेत.

रागावलेली पण तुझीच,
पूनम

---

मंगळवेढा,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. पूनम हिस,
अनेक आशीर्वाद.

होय, केला होता अर्ज. पोरगी जिंकली आणि भाऊ हरला असं गावात नको व्हायला, म्हणून बोललो नाही. आबांनाही माहीत नाही.

तू हेव्याचं लिहिलंस म्हणून मीही लिहितो. मला तुझा हेवा वाटतो. त्याला दुसरं नाव देऊन उपयोग नाही. तुझी बातमी आली त्या दिवशी दुकानात एक जोडपं फोटो निवडत होतं, मी त्यांना चुकीचे फोटो दाखवत राहिलो. काका परवा घरी आले आणि तुझी जागा कुठं, तू कुठं झोपशील, हे आईला सांगत बसले. मी उठून गोठ्यात गेलो. कॅमेरा धरायला तुला मी शिकवलं, श्वास रोखून बटण दाबायचं मी शिकवलं, आणि आता माझ्या काकांच्या, माझ्या वाटेवरून तू जाणार. आयत्या बिळावर नागोबा, असं मनात आलं. आलं ते लिहिलं. कागद मधी तोंड घालत नाही, आई म्हणते ते खरं आहे.

येडूमामांबरोबर सॅक पाठवतो आहे. पुण्याहून मागवली, कालच आली. राखी आहे, चेन पाठीकडून आहे, पट्टा रुंद आहे. तुझं सामान बरोबर बसेल. मोठ्या लेन्सची जागा उजवीकडं ठेव, तू उजव्या हातानं घाई करतेस.

लेन्सचं वाचून उंदरांची माफी मागितली. उंदीर मारण्याच्या तीन पुड्या वाया गेल्या होत्या.

हेवा असला तरी तुझाच,
बिरूदादा

---

सोलापूर,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सॅक मिळाली. दुकानातून कालच आलेली सॅक इतकी जुळून कशी आली म्हणून मी खूश होते. बारा किलो भरून काकूंच्या गच्चीवर फेऱ्या मारल्या, पाठीला काही जाणवलं नाही. मग पाठीकडची चेन पूर्ण उघडली आणि बोटं पिवळी झाली.

चेनीच्या दातांत भंडारा आहे, दादा. शिवणीत आहे, पट्ट्याच्या जाळीत आहे. तू पुसलास, हे दिसतं, पण भंडारा पुसून जात नाही, हे आपल्या घरात कुणाला सांगायला हवं? पुण्याच्या दुकानात भंडारा उधळत नाहीत. तो हुलजंतीच्या देवाचा आहे. हुलजंतीची यात्रा दिवाळीत झाली, आणि माझी निवड त्यानंतर आठवड्यानं. म्हणजे ही तू तुझ्यासाठी घेतलीस, निकाल लागायच्या आधी, आणि देवापुढं ठेवून आलास. कमरेचा पट्टासुद्धा तुझ्या मापाला लावलेला आहे.

मी गच्चीवर बसून रडले. काकूंनी विचारलं तेव्हा हळद डोळ्यात गेली म्हणून सांगितलं.

आता माझंही ऐक. मुलाखतीत त्या बाईंनी विचारलं होतं, त्याच घरचा बिरुदेव म्हणून एक अर्ज आहे, तो कोण, कसं काम करतो? मला सगळं सांगता आलं असतं. तू त्या वाटेनं चालला आहेस, उजेड तुझ्याकडून शिकले, हे सांगता आलं असतं. मी एवढंच म्हणाले, भाऊ आहे, लग्नाचे फोटो काढतो. खोटं नव्हतं, पण का म्हणाले ते मला माहीत आहे. मला वाटलं, एकदा तरी छत्री दुसऱ्या कुणीतरी धरावी. तू पहिल्या पत्रात तेच शब्द लिहिलेस, आणि तू ते ऐकलेस की काय असं वाटून माझी झोप गेली.

सॅक परत पाठवते. संस्थेला खरं काय ते लिहून कळवते. तू म्हणशील तसं करीन.

माफ करता आलं तर कर. तुझीच,
पूनम

---

मंगळवेढा,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. पूनम हिस,
आशीर्वाद. उत्तम की नाही, ते पुढं बघू.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि शटर ओढलं. दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. आई विचारत होती, मी तिला लग्नाच्या तारखा सांगत होतो. तुझ्यावर रागावलो आहे आणि ते इतक्यात जाणार नाही, हे आधी सांगून ठेवतो. एका वाक्यानं निवड फिरली असेल असं मला वाटत नाही. तुझे फोटो मी पाहिले आहेत. हेवा वाटावा असेच आहेत, नाहीतर वाटला नसता.

संस्थेला काही लिहू नकोस. अकरा लग्नं सोडून मी आता निघू शकत नाही, आणि काकांच्या चुलीवर तुझी भाकरी धरलेली आहे. लग्नसराई ओसरली की जानेवारीत चार दिवस वाटेवर येईन. छत्री घेऊन येईन. तू सांगशील तिथं धरीन, पण मागून तुला शिकवणार नाही असं वचन देत नाही.

सॅक परत पाठवायची नाही. ज्याला भंडारा लागला ते माघारी घेत नाहीत, मेंढरू असो की सॅक. पट्टा चार बोटं आवळ आणि जास्तीचं टोक कापू नकोस, जानेवारीत मला लागेल.

खरं म्हणजे चूक माझीच आहे. हुलजंतीला त्या गर्दीत सॅक डोक्यावर धरली होती, चहूकडून भंडारा पडत होता, डोळे उघडत नव्हते. मी घाईघाईनं मागितलं, देवा, ही सॅक यंदा कळपाबरोबर चालू दे. कुणाच्या पाठीवर, ते सांगायचं राहिलं.

जपून जा. पहिला फोटो पुण्याच्या आधी मला पाठव.

तुझा,
बिरूदादा