भाषण साहेबांचं, कंस काकांचे

९ मार्च, सोमवार
कॉलेज सोडून आज सात महिने. घरी कोणी बोलत नाही, बरंच आहे. काम लागलं, तेही प्रताप नगरला, करुणाच्या घरी. तिचे बाबा, गजभिये काका. चाळीस वर्षं साहेबांची, म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्यांची, भाषणं लघुलिपीत उतरवली यांनी. आता साहेबांच्या भाषणांचं पुस्तक निघणार, म्हणून त्यांच्या बंगल्यावरून सांगणं आलं, सगळं टाइप करा. वह्या काकांशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. ते वाचणार, मी टाइप करणार. माझं नाव क.नंच सुचवलं. "डोकं गरम आहे त्याचं बाबा, पण बोटं चालतात."
तिनं चहा दिला. साखर जास्त. मुद्दाम?

११ मार्च
टाळ्या कुठे, हशा कुठे, घोषणा कोणत्या, काकांनी सगळं कंसात लिहून ठेवलंय. मी एक (टाळ्या) गाळली तर पान परत मागे नेलं. "भाषण साहेबाचं हाये गा. कंस माह्ये हायेत. एकबी सुटला नाही पाहिजे." चाळीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, हे आज तीनदा ऐकवलं.

१३ मार्च
आज दोन भाषणं पाठोपाठ. पहिलं लढाईच्या वर्षातलं. पाकिस्तानबद्दल, त्या मातीत माणूस पिकतच नाही. दुसरं सहा वर्षांनंतरचं, मैत्रीच्या दिवसांतलं. मैदान तेच. त्या मातीतही आपल्यासारखीच माणसं पिकतात. दोन्हींचा शेवट सारखा: "हे मी पहिल्यापासून सांगत आलो." दोन्हीकडे (प्रचंड टाळ्या).
डोकं फिरलं. काकांना विचारलं, लिहिताना तुम्हाला काही वाटलं नाही?
"वाटून घ्याले कंसात जागा कमी असते."
मैत्रीच्या भाषणात एक कंस मात्र वेगळा. 'झालं गेलं विसरून जाऊ' याच्यापुढे, (पहिल्या रांगेतली एक बाई उठून गेली). कोण होती? रामटेककडची, म्हणाले, लढाईत पोरगा गेला होता तिचा. आणि पान उलटलं.
मी तर त्या भाषणाला चांगलं समजत होतो. समजतो अजूनही. पण ती बाई...

१७ मार्च, मंगळवार
बातम्या चांगल्या नाहीत, पुन्हा लढाईची भाषा. नितीनदादाची, म्हणजे क.च्या भावाची, सुटी रद्द. सीमेवर आहे. दोन मिनिटं बोलला, मग फोन बंद.
दुपारी बंगल्यावरून फोन. रविवारी सभा. ते लढाईचं भाषण मोठ्या अक्षरात काढून द्या, साहेबांना आता नीट दिसत नाही. मैत्रीचं कोणी मागितलं नाही.
क. दारात उभी होती. "हे इथं बोलतील, आणि भोगायचं दादानं. कोणीतरी थांबवायला पाहिजे न." माझ्याकडे पाहून म्हणाली. माझ्याकडेच.

१९ मार्च
केलं.
पाच पानांतलं तिसरं पान मैत्रीच्या भाषणाचं घातलं. साहेब समोर असेल ते वाचतात, हे काकांनीच हसत हसत सांगितलं होतं. काका ताडून पाहायला बसले, वही उघडली. मी म्हटलं, काका, मी पाहिलं. वही मिटली. "तू पाह्यलं म्हणजे पाह्यलं." खाली लिहिलं, 'मूळ वहीशी ताडून पाहिले', आणि सही. पाकीट स्वतः चिकटवलं.
ती सही माझ्या डोक्यातच आली नव्हती. आली असती तर? माहीत नाही.
क.ला सांगायचं होतं. ती दादाचा फोन लागतो का पाहत बसली होती. उद्या सांगतो.

२० मार्च
नाही सांगितलं.

२२ मार्च, रविवार
सभा. चार वाजता, ऊन तसंच. काका सवयीनं वही घेऊन पहिल्या रांगेत. मी आणि क. मागे. पहिली दोन पानं, टाळ्यांवर टाळ्या. मग तिसरं. "त्या मातीतही आपल्यासारखीच माणसं..." मैदान गप्प. मागून कोणीतरी, "काय बोलून राहिले हे?"
साहेब थांबले. चष्मा काढला. कागद खाली ठेवले. आणि पाठ बोलले. जुनं सगळं, जुन्यात नव्हतं तेही. लोक उभे राहिले. माझ्या बाजूचा म्हातारा टाळ्या वाजवता वाजवता रडत होता. शेवटी तेच, हे मी पहिल्यापासून.
कागदांवरचं लढाईचं भाषण याच्यापुढे काहीच नव्हतं. क.नं टाळ्या वाजवल्या नाहीत.

२३ मार्च
बंगल्यावर काकांना विचारलं, पान कोणी बदललं? काका म्हणाले, सही माझी आहे. पुस्तकाचं काम काढून घेतलं. दुपारी दोघे जण मोटरसायकलवर घरासमोर येऊन उभे राहिले. नावाची पाटी वाचली, गेले.
क. म्हणाली, "बाबाच्या हातून अशी चूक होते का? तू होता तिथं. तूच सांग."
मी म्हटलं, नाही होत.
"मग?"
फोन वाजला. दादाचा नव्हता.

२४ मार्च, मंगळवार
काका म्हणाले, रविवारचं भाषण तेवढं टाइप करून टाकू, मी वही अर्धी सोडत नाही. पाच वाजता बंगल्याचा माणूस वह्या आणि सगळे कागद न्यायला येणार. वाचत गेले, मी टाइप करत गेलो. (टाळ्या). (टाळ्या). (शांतता). मग म्हणाले, "नवा कंस. येथे एक पान बदललेले होते."
टाइप केलं. तोंडातून निघून गेलं, कोणी, ते लिहायचं का?
"मालूम असन तं लिहाच लागते. अर्धा कंस मी कधी लिहिला नाही." माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा पुसत राहिले. मग, "करुणा, चाय ठेव वं," म्हणून तोंड धुवायला आत गेले. तेवढ्यात हे डायरीत लिहून राहिलो.
क. चहा घेऊन आली आहे. कप खाली ठेवत नाही. स्क्रीनवर 'बदललेले होते' इथपर्यंतचं वाचते आहे.
पाचला दहा मिनिटं. फाटकाशी मोटरसायकल थांबली. कंस अजून बंद केला नाही.