जीभ रेटेना

प्रिय ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, यात तुझं काही चुकलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो. वाचून फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

आमच्याकडे अपघात झाला. लिफ्ट-दुरुस्तीच्या कामांवर देखरेख माझी असते, हे तुला माहीत आहेच. एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या दाराचं कुलूप नीट लागत नव्हतं, त्यामुळे दार उघडं असतानाही लिफ्ट हलायची. आमचा मेकॅनिक म्हणाला होता, "साहेब, आधी हे बदलू या, मग बाकीचं." मी म्हणालो, "आजचा दिवस ढकल, उद्या बघू." त्याच दुपारी तो दारात काम करत असताना लिफ्ट हलली. जीव वाचला, पण पाय गेला.

चौकशीच्या आधी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "कुलूप त्यानेच काढून ठेवलं होतं, एवढंच म्हणायचं. तुझ्यावर काही येणार नाही." आणि ताई, मी हो म्हणालो. दाढी करताना ते वाक्य आरशासमोर म्हणूनही पाहिलं, ऐन वेळी अडखळायला नको म्हणून.

आपल्या घरी संध्याकाळची प्रार्थना झाली, की जेवायला बसण्याआधी एकेकाने उभं राहून सांगायचं, आज काय खोटं बोललो. मग ज्याच्याशी बोललो त्याच्याकडे जाऊन ते खरं करून यायचं. शेजारच्या काकूंना "छान गाता" म्हणालीस म्हणून बाबांनी तुला त्यांच्या दारात नेलं होतं, आठवतं? काकू कितीतरी दिवस आपल्याशी बोलत नव्हत्या. माझे मित्र ते ऐकून लोळायचे. मीही हसायचो, पण आतून संतापायचो. बाबांनी कधी जवळ घेतलं नाही, देवाच्या नावाने सतत धाकात ठेवलं, हे मी आजही विसरलेलो नाही.

चौकशीच्या खोलीत मेकॅनिक चाकाच्या खुर्चीत होता. मागे त्याची बायको, एक्स-रेची पिशवी छातीशी धरून. मला विचारलं, "कुलूप कोणी काढलं?" शब्द तयार होता, पण जीभ रेटेना. बाबांचा आवाज कानात आला वगैरे, असलं काही झालं नाही. मी फक्त खुर्चीवरून उठून उभा राहिलो. का उठलो, ते तेव्हा मलाच कळलं नाही. म्हणालो, "कुणीच काढलं नाही. ते बिघडलेलं होतं. त्याने मला सांगितलं होतं, मीच काम पुढे ढकललं."

सध्या मला घरी बसवलंय. पुढचं माहीत नाही. पण त्याचं एवढं नाही गं. बाहेर जिन्यापाशी मेकॅनिकच्या बायकोने मला थांबवलं आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही खरं बोललात, तुमचे उपकार झाले." माझी मान वर होईना. तिच्या नवऱ्याचा पाय माझ्यामुळे गेला होता. आणि खरं बोललो तेही माझ्या हिमतीने नाही. माझ्या हातात असतं, तर मी खोटंच बोललो असतो. बाबांनी जे माझ्यात घातलं आणि मी जन्मभर उपटून टाकायला बघितलं, त्यानेच मला त्या दिवशी माणसात ठेवलं. हे कळायला एका माणसाला अधू व्हावं लागलं, याची लाज कुठे ठेवू?

आता ज्यासाठी लिहितोय ते. मागच्या खेपेला तुझ्याकडे आलो, तेव्हा चिमी बाबांशेजारी प्रार्थनेला बसली होती. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि बाबांना म्हणालो, "आमचं बालपण नासवलंत, हिला तरी सोडा." तुझ्या लेकीसमोर, तुझ्याच घरात. बाबा उठून आपल्या खोलीत गेले. परवा भावजींकडून कळलं, की तेव्हापासून ते दार लावून एकटेच प्रार्थना करतात आणि चिमीने हाक मारली तरी उघडत नाहीत. मी रविवारी येतोय. माफी चिमीसमोरच मागायची आहे, कारण बोललोही तिच्यासमोरच. तू फक्त त्यांना दार उघडायला सांग. माझ्यासाठी ते उघडतील असं वाटत नाही, पण तुझा शब्द मोडणार नाहीत.

तुझाच, खाली मान घालून येणारा,
धाकटा