बबनच्या गडग्यातलं घरटं

२ जुलै
शाळा सुटल्यावर थेट बबनच्या घरी. स्वयंपाकघरामागचा, वरच्या उताराची माती अडवणारा जुना दगडी गडगा, खालून चौथा थर, दोन दगडांतली खाच. मादी उडाली तेवढ्यात पाहिलं. तीन अंडी. फिकट हिरवट, जाड टोकाला तपकिरी ठिपके. नर वर आंब्यावर गात होता. काळा कुळकुळीत, पंख विटकरी, डोक्यावर तुरा. युवराज हे नाव शोभतं पक्ष्याला.
तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी अंडी मुंगसाने नेली, गेल्या वर्षी धामणीने. यंदा तरी पिल्लं उडालेली पाहायचीत.

५ जुलै
बबनला कारखान्यातून सुट्टी. पहार घेऊन गडग्यापाशी उभा. "बाई, याचं पोट सुटलंय. आज उतरवतो, नायतर चुलीवर येईल."
मी घरटं दाखवलं. तीन आठवडे थांब म्हटलं. त्याची बायको रेखा दारात उभी. कडेवरची मुलगी नुसती या हातावरून त्या हातावर घेतली.
"तुमी सांगताय तर ऱ्हाऊ दे," बबन म्हणाला. "तुमीच शिकवलंय मला."
नको म्हणायला त्याला जागाच ठेवली नाही मी. तरी आनंद झाला. झाला, म्हणून लिहिते.

११ जुलै
तिन्ही फुटली! उघडी, लालसर, डोळे मिटलेले. मादी सुरवंट आणते. नर पण आणतो, मात्र किडा चोचीत धरून बराच वेळ तारेवर बसून राहतो. पाऊस धरून आहे.

१४ जुलै
गडग्यातून गढूळ पाणी. कालपर्यंत स्वच्छ होतं, म्हणजे आतली माती सुटतेय.
रेखाने चूल पुढच्या पडवीत आणलीय. म्हणाली, "ह्यांना किती सांगितलं पाडा म्हणून. म्हणतात, बाईंना शब्द दिलाय."
घरी येऊन वही उघडली, तशीच मिटली.

१५ जुलै
पोलादपुरात शाळांना सुट्टी, आंबेनळी घाट बंद. सकाळीच बबनच्या दारात. "आत्ताच उतरव."
"आनि पिल्लं?"
"माझं मी बघते."
घरटं दोन्ही हातांनी अलगद काढलं. आत ऊब होती. दहा पावलांवर, बांधाच्या कुशीत एका दगडाखाली ठेवलं.
बबनने वरचे पाच-सहा दगड काढले आणि बाकीचा गडगा आपणहून सरकला. बबन उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. माती दाराने आत शिरली. चुलीच्या जागेवर कमरेएवढी.
रेखाने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं...
दुपारभर मादी चोचीत सुरवंट घेऊन गडग्याच्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत होती. नवी जागा तिला दिसली नाही. की दिसली?

१६ जुलै
सकाळी एक पिल्लू थंड. दोन चोची उघडतात. तिथेच छत्री धरून बसले.
तासाभराने रेखा आली. मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं.
"बाई, तुमी इथं हाय तवर ती यायची नाय. घरी जा. मी पडवीतनं बघते. आली तर कळवते."
आले घरी.
चार वाजून गेले. निरोप नाही.