चौथा गिअर पडेना

महाड,
९ जानेवारी २०२४

चि. सौ. तेजश्रीस कोंडाजीकाकाचे अनेक आशीर्वाद. त्यातला मोठा वाटा बाळाला द्यावा. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत तुझ्या काकीचं रक्त यंत्रातून धुऊन निघतं आहे. चार तास मला काम नाही. फोन का केला नाही म्हणशील. माझे कान आता फक्त हजेरीपुरते उरलेत. फोनवर तुझं बोलणं म्हणजे पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं. कागद अजून माझ्याशी स्पष्ट बोलतो.

आपली गाडी आजारी आहे. वीस वर्षांची म्हातारी, पण आपोआप गिअर बदलणारी. डावा गुडघा मोडल्यापासून क्लचची गाडी मला चालवता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. दोन महिने ती तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही. सपाट हायवेवरसुद्धा चढणीला लागल्यासारखी ओरडते म्हणे. मला ऐकू येत नाही, लोक सांगतात. मागच्या शुक्रवारी महाडच्या बाजारात अडकलो तर बॉनेटमधून वाफ! आणि उष्णतेचा काटा मात्र त्या वेळीही तळाशी झोपलेला.

एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटं बघून निकाल दिला की गिअरबॉक्स गेला, भंगारात द्या. पुराव्याशिवाय फाशी सुनावणाऱ्याला न्यायाधीश म्हणत नाहीत, असं मी त्याला उभ्या उभ्या पंधरा मिनिटं ऐकवलं. त्याने मला चहा पाजला, पण मत बदललं नाही.

अक्षयला त्याचंच पटलं. दहा फेब्रुवारीला भंगारवाला घेऊन येतो म्हणतो, आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे डोंबिवलीला राहायला जायचं. पोरगा वाईट नाही, आईच्या काळजीने बोलतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिला वेळेत महाडला पोचवील असं दुसरं वाहन वाडीत नाही. एसटी येते तोवर यंत्रावरची तिची पाळी गेलेली असते. गाडी गेली की वाडी सुटली. तुझी काकी यावर काहीच बोलत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या गप्प बसण्याची भीती वाटते आहे.

तू गाड्यांच्या कारखान्यात दोष शोधायचं काम करतेस. तीन महिन्यांचं लेकरू घेऊन ये म्हणायला मी राक्षस नाही. लिहून सांग. डोकं तुझं, हात माझे.

लोभ तिसऱ्या गिअरमध्ये अडकू देऊ नये.
तुझा, कोंडाजीकाका

नाशिक,
१५ जानेवारी २०२४

ती. काकांस तेजश्रीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या पत्रावर बाळाने लाळ गाळली, म्हणजे पोच मिळाली समजा.

काका, काटा तळाशी आणि बॉनेटमधून वाफ, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. माझा संशय सेन्सरवर आहे. इंजिनातल्या पाण्यात त्याचं टोक बुडालेलं असतं आणि पाणी किती तापलं ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. तो दिवसभर थंड, थंड असंच सांगत राहिला, तर कॉम्प्युटर पंखा लावत नाही, म्हणून वाफ. आणि इंजिन अजून तापलंच नाही असं समजून तो वरचा गिअरही देत नाही. म्हणजे गिअरबॉक्स धडधाकट असेल. त्याच्यापर्यंत बातमी चुकीची जात असेल.

गाडी अगदी गार असताना सेन्सर काढा. येसाजीदादा एमआयडीसीत विजेचं काम करतो, त्याचं मीटर लावा. सेन्सरचं टोक पातेल्यातल्या पाण्यात धरून चुलीवर पाणी तापवा. ओहमचा आकडा गार पाण्यात अडीच हजारांच्या आसपास दिसेल आणि उकळीपर्यंत दोनशे-तीनशेवर उतरायला हवा. मग गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी पांढऱ्या फडक्याला पुसा. तांबडं आणि साध्या वासाचं असेल तर उत्तम. काळपट, जळक्या वासाचं असेल तर गॅरेजवाला जिंकला. तुमचं नाक तपकिरीने कधीच निवृत्त केलंय, तेव्हा वास काकीला घेऊ द्या.

आणि रेडिएटरमध्ये तुम्ही नेमकं काय भरता, ते कळवा. भाषण नको, नुसतं उत्तर.

माया कमी करू नये. करायचीच तर तपकीर करावी.
तुमची, तेजू

टेपवाडी, ता. पोलादपूर,
२१ जानेवारी २०२४

चि. सौ. तेजूस आशीर्वाद. वि. वि.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे आरोपी मी आहे.

शेजाऱ्याच्या अडचणीवर भाडं आकारणं मला कधी मान्य नव्हतं. म्हणून मी वाडीत नियम घातला की गाडीतून जो महाडला येईल, त्याने सकाळी निघण्याआधी आपल्या झऱ्याचं तांब्याभर पाणी रेडिएटरमध्ये घालायचं. रेडिएटर भरलेला असला तर खालची तोटी सोडून जुनं पाणी काढायचं आणि ताजं ओतायचं. चार वर्षं लोकांनी हा नियम श्रद्धेने पाळला. तुमचं ते हिरवं, गंज रोखणारं कूलंट पहिल्या महिन्यातच शेताला मिळालं. परवा सेन्सर काढला तर टोकावर नखाएवढा जाड तांबडा गंज! पाणी शुद्ध होतं, तत्त्वही शुद्ध होतं. लोखंडाला मात्र तत्त्व कळत नाही, हे मला सत्तराव्या वर्षी समजलं. हसलीस तरी चालेल.

काकीच्या दुधाच्या पातेल्यात प्रयोग केला. गार पाण्यात सव्वीसशे, खळखळून उकळलं तरी चोवीसशे! एकदा बघून निकाल देणाऱ्यांविरुद्ध मी बोललो होतो, म्हणून तीन दिवस तीनदा केला. आकडा हटत नाही. सेन्सर खोटारडा ठरला.

पण तेजू, रंगाला तांबडं असूनही तेलाने घात केला. पहिल्याच दिवशी काकीने फडकं नाकाशी धरलं आणि करपलेल्या भाकरीसारखा वास येतोय म्हणाली. वर ते चुलीत टाकायला निघाली. मी हिसकावून घेतलं. येसाजीला विचारावं, तर रसायनांच्या धुरात राहून त्याला सगळ्या जगाचा एकच वास येतो. गिअरबॉक्सच जळला असेल तर नवा सेन्सर लावून उपयोग काय? फडकं पिशवीत बांधून सोबत धाडतो आहे. तू म्हणशील तो निकाल मी मान्य करीन. वाडी सोडायची तर मनाची तयारी करायला थोडे दिवस तरी मिळावेत.

आठवण ठेव, उत्तर लवकर धाड.
कोंडाजीकाका

नाशिक,
२७ जानेवारी २०२४

ती. काकीस तेजूचा वाकून नमस्कार. वि. वि.

हे पत्र शेजारच्या नीलाताईकडून वाचून घे, काकांकडून नको. त्यांना मी वेगळं लिहिलंय की गिअरबॉक्स निर्दोष आहे. नवा सेन्सर बसवा, गंज धुऊन काढा, कूलंट भरा, आणि झऱ्याचं पाणी यापुढे माणसांना पाजा.

काकी, फडकं मिळालं. तेल तांबडं आहे आणि वास साधा आहे. मी हुंगलं, सासूबाईंना हुंगायला लावलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. माझ्या दप्तरातला चोरीचा पेरू तुला अंगणातून कळायचा. तुझं नाक चुकलं, हे मी कसं मानू?

काकांना यातलं काही सांगितलेलं नाही. मी रागावलेली नाही. पण तुला ही गाडी का नको आहे? डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्याची हौस तुला आहे, असं मला वाटत नाही. आई गेल्यावर मी तुझ्याच पदराआड वाढले, तेव्हा विचारायचा हक्क आहे म्हणून विचारते. खरं ते कळव.

जीव तुझ्यापाशी गुंतलाय, विसरू नकोस.
तेजू

टेपवाडी,
११ फेब्रुवारी २०२४

चि. तेजूस प्रयागकाकीचा आशीर्वाद. बाळाची दृष्ट काढत जा. हात नीलाचा हाय, तोंड माझं.

तेल जळकं नव्हतं. मला ठाव होतं.

गाडी नको नव्हती गो, सुई नको होती. आठवड्यातनं दोनदा, दाभणाएवढ्या दोन-दोन सुया, तीन वर्सं. मी नको म्हटलं असतं तर तुझा काका भाषण करील आणि अक्षय रडंल. म्हटलं, गाडीच मेली तर कुणाच्या माथी पाप नाय. डोंबिवलीला मी जाणारच नव्हते. इथंच अंगणात पडून ऱ्हायली असती. किती दिवस, ते देव जाणे.

पण खोटं बोलल्यावर मला चुलीपाशीच बसायला लागलं. चाळीस वर्सांत उतू जाणारं दूध ज्यानं कधी उतरवलं नाय, तो माणूस माझ्या पातेल्यात लोखंडाचं बोंडूक धरून बसला. चष्मा वाफेनं आंधळा, वहीत आकडे लिवतोय. तिसऱ्या दिवशी बोटं भाजली तरी पोरागत खूश, आकडा तोच आला म्हणून. मला बघवंना, आणि शब्द मागंही घेता येईना.

नीलानं तुझं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी मी त्याला सगळं सांगितलं. त्याला हळू सांगता येतं का गो? कानाला तोंड लावून वरडले. सगळ्या वाडीनं ऐकलं, ठमाबाई भांडण समजून सोडवाय आली. तो भाषण करील म्हणून मी पदर खोचून बसले होते. तर एवढंच इचारलं, सुई लय दुखते का. तीन वर्सं तो मला नेत-आणत होता आणि त्याला ह्ये ठाव नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

मंगळवारी त्यानं नर्सबाईला गाठलं. चामडी बधिर करायचं मलम असतंय म्हणं. सुईच्या तासभर आधी लावायचं. आता निघायच्या आधी तोच लावून देतो. दुखतं अजून, पण पह्यल्यासारखं नाय.

नवं बोंडूक बसवून झालं होतं. शुक्रवारी अक्षय आला, त्यानंच गाडी चालवली. हायवेला चौथा पडला तशी गाडी एकदम गप झाली. बंद पडली का म्हणून अक्षय घाबरला. मग हसला आणि गाडी बाजूला घेऊन भंगारवाल्याला फोन केला, येऊ नको म्हणून.

तुझ्या काकानं वाद घालून आत बसायची परवानगी काढलीय. खाटेपाशी चार तास बसतो आणि चार तास बोलतो. बाजूच्या खाटेवरली बाई म्हणते, सुई परवडली.

माया ऱ्हाऊ दे. बाळाला घेऊन उन्हाळ्यात ये, मी हाय.
तुझी काकी